आरसाबंदीचे एकवीस दिवस

वैभवीला तेजोनाथ महाराजांच्या सुईतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. तोंडाच्या दोन बाजूंच्या दोन रेघा जाणार होत्या. त्या गेल्या तर मस्कतच्या अत्तराच्या दुकानात ती पुढच्या काउंटरवर टिकणार होती. नाही गेल्या तर मागच्या गोदामात, अर्ध्या पगारावर. "पुढे ताजे चेहरे हवेत," असं मॅनेजरने सगळ्यांदेखत सुनावलं होतं. नवऱ्याची तिकडची नोकरी सहा महिन्यांपूर्वीच गेलेली. घरभाडं आणि सात वर्षांच्या निकिताची शाळा, दोन्ही वैभवीच्या एकटीच्या पगारावर. तेव्हा बाई नटायला निघाली होती असं कोणी म्हणू नये.

मस्कतला सुई देणारं कोणी नव्हतं असंही नाही. एका दवाखान्यात ती जाऊन आली होती. तिथल्या इजिप्तच्या डॉक्टरीणबाईंनी परवाना दाखवला, त्याचा नंबर सरकारी यादीत स्वतः पडताळून पाहा म्हणाल्या. कोणती औषधं चालू आहेत, पोटात बाळ नाही ना, कशाची ॲलर्जी आहे का, असे वीस प्रश्न विचारले. वर सांगितलं, "रेघा कमी होतील, साफ जाणार नाहीत. वर्षभराने पुन्हा यावं लागेल. आजच नको, विचार करून या."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर आपल्याकडे कोण विश्वास ठेवतो? वैभवीनेही ठेवला नाही. परकी बाई, हिचं गाव ठाऊक नाही की घर ठाऊक नाही, तोंड हिच्या हाती द्यायचं कसं? तेवढ्यात मस्कतमधल्या वऱ्हाडी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: 'आपल्या वाशीमचे तेजोनाथ महाराज! एका सुईत दहा वर्षं कमी!' चुलतभावाच्या लग्नाला वाशीमला यायचंच होतं. तिने तिथल्या मामाला, म्हणजे नानाजींना, फोन लावला.

नानाजींनी आजवर सतरा सोयरिकी जमवल्या आहेत. महाराजांची चौकशीही त्यांनी त्याच चालीवर केली.

"मामाकूळ धनजचं," ते मला पारावर सांगत होते. "बारा एकर ओलित. भाऊ नोकरीत. घरात कोणी पीत नाई."

"अन् शिकला काय?"

"आता घरच इतकं खानदानी हाय, तं शिक्षण कायले विचारतं गा?"

"अहो नानाजी, पोरगी द्याची नाई त्याले. गाल द्याचा हाय."

"तुमाले प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," असं म्हणून त्यांनी सोयरीक पक्की केली.

शिबिराच्या दिवशी सकाळी दहाला वाशीमचं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. तीनशे बाया तरी असतील, आणि 'आमी फक्त सोडायले आलो' म्हणणारे शंभर पुरुष. मी मागच्या रांगेत होतो. महाराज व्यासपीठावर आले. पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष. डॉक्टर म्हणा नाहीतर बुवा म्हणा, दोन्हीकडून सोय.

"ही सुई लोखंडाची नाई, माय! सूर्याचं किरण हाय! हिमालयाची वनस्पती, दुबईची मशीन, अन् वाशीमचा जीव! कोणी विचारते, बाटलीले लेबल काहून नाई? मी म्हणतो, सूर्याले लेबल असते का?"

टाळ्या. सूर्य कोणी आजवर पिचकारीत भरला नव्हता, एवढं एकच कोणाला आठवलं नाही.

पहिला मान साठीच्या रंगूबाईंना मिळाला. नाकापासून हनुवटीपर्यंत नांगराच्या तासासारखी रेघ. महाराजांनी मंत्र पुटपुटत तिच्यात चार ठिकाणी टोचलं. आणि काय सांगू, रेघ डोळ्यांदेखत भरून आली!

"आंगोमाय! गेली वं! खरंच गेली!" पुढच्या रांगेतल्या बाया उभ्या राहिल्या. नानाजी माझ्याकडे वळून असे मिशीत हसले, जशी काही सुई त्यांच्याच घरची. लगेच फोटो निघाले. मग महाराजांनी रंगूबाईंचं तोंड लाल फडक्याने झाकलं आणि पथ्य सांगितलं: "एकवीस दिवस आरसा पाहाचा नाई, फोटो काढाचा नाई, फडकं लोकात सोडाचं नाई. पाहिलं की तेज उलटते!"

त्यानंतर अकराजणींचा नंबर लागला. दुसरा वैभवीचा.

एक वाजता सपना आली. ही वैभवीची शाळासोबती, सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून थेट आली होती, कारण वैभवीने तिला फडकं बांधायच्या आधीचा फोटो हौसेने पाठवला होता. सपनाने मैत्रिणीचं फडक्यातलं तोंड पाहिलं, मग व्यासपीठावरचं ताट पाहिलं.

"सुया किती होत्या?"

"एकच. मंतरलेली हाय ना."

"बाराजणींले एक?" सपनाचा आवाज चढला. ती तशीच वर गेली आणि झेंडूच्या फुलांखालची बाटली तिने उचलली. लेबल खरवडून काढलेलं, पण टांगायची कडी तशीच. "महाराज, असे सूर्य मी वॉर्डात रोज तीस टांगते. हे सलाईन हाय. मिठाचं पाणी."

"देवाच्या कामात विघ्न आणू नका, ताई."

"तुमी तं देव मानतच नाई," नानाजींनी खालून टोमणा मारला. "तुमाले काय कळणार?"

"देवाचं सोडा, नानाजी. मी बाटली पाहून राह्यली."

तिने समोरच्या मेडिकलमधून तसलीच सीलबंद बाटली आणि कोरी सुई आणवली. स्वतःच्या मनगटाजवळ कातडीखाली थोडं पाणी सोडलं. बोराएवढा फुगवटा आला. हात उंच करून तिने सगळ्यांना दाखवला. "हे घ्या तेज. आता कोणी जाऊ नका. चार वाजता माझा हात अन् रंगूबाईचा गाल, दोन्ही पाहू."

लोक थांबले. विचार करायला थांबले असं लिहायला मला आवडलं असतं, पण दोन वाजता पंगत होती. बुंदीचं दुसरं वाढप चालू असताना महाराज स्वयंपाकाच्या दाराने हात धुवायला गेले, ते गेलेच.

चारला सपनाचं मनगट सपाट होतं. रंगूबाई मात्र फडकं सोडीनात.

"तेज उलटलं तं, बाई?"

"मावशी, सोडा ना," वैभवी रडकुंडीला आली होती. "माह्या पोरीची शाळा याच्यावर हाय. मले पाहू द्या."

फडकं सुटलं. रेघ होती तिथे, होती तशी. कोणीतरी मोबाईल समोर धरला. रंगूबाईंनी बराच वेळ त्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं मीच हाय."

खेळ एवढाच. मिठाचं पाणी कातडीखाली घातलं की कातडी फुगते, रेघ भरते. काही तासांत शरीर ते पाणी शोषून घेतं. फोटो त्या काही तासांतला. आरसाबंदी पुढच्या दिवसांसाठी. एकवीस दिवसांनी महाराज तिसऱ्याच गावात, आणि कोणी कुरकुर केलीच तर 'तूच आरसा पाहिला असशील' हे उत्तर तयार.

सपना म्हणाली, एका सुईने रोग पसरतात, बाराहीजणी रक्त तपासून घ्या. तिघीच आल्या. तक्रारीवर सह्या मागितल्या, एकही मिळाली नाही. "घरच्याइले कळीन ना!" नानाजींनी समारोप केला: "झालं ते झालं. आपल्या माणसाची बदनामी कायले?" मी त्यांच्यावर ओरडलो. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले.

मस्कतला परतल्यावर नवव्या दिवशी वैभवीचा डावा गाल सुजून लाल झाला. आत पू धरला होता. गेली कोणाकडे? त्याच परक्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी चीर देऊन पू काढला आणि विचारलं, "ज्याने टोचलं, त्याचं नाव कोणत्या यादीत आहे?"

"आमच्या गावचा आहे," वैभवी म्हणाली. मग तिलाच ते ऐकवेना.

म्हणून सांगतो, वाशीमात असा की समुद्रापार. सुई तोंडाला लागण्याआधी विचारा: तुमची नोंदणी कुठे आहे? औषधाचं नाव, तारीख दाखवा. बाटली आणि सुई माझ्यासमोर फोडा. बिघडलं तर कोणाला धरू? विचारल्यावर जो चिडतो, त्याच्यासमोरून उठा. घराणं, शेती, मामाकूळ यांनी मिठाच्या पाण्याचं औषध होत नाही. आपला माणूस आहे म्हणून जंतू ओळख ठेवत नाहीत.

आता या सगळ्याची किंमत कोणी काय भरली? महाराजांनी काही नाही. मस्कतच्या ग्रुपवर पुढच्या शिबिराची तारीख आली, सोबत रंगूबाईंचा तोच सकाळचा फोटो. नानाजींनी काही नाही. ते अठराव्या सोयरिकीत गुंतले आहेत. सपनाने बोलणी खाल्ली, 'हिले दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाई' म्हणून. वैभवीच्या गालावर बोटाच्या पेराएवढा व्रण राहिला आणि ती गोदामात गेली. अर्ध्या पगारात तिकडची शाळा बसेना. जिला कोणी सुई लावली नव्हती ती निकिता जूनपासून वाशीमला आजीकडे आहे, आणि आईला रविवारी फोनवर पाहते.