मीच बोलतेय

चावीवाल्याला त्या दुकानात पाऊल टाकताच मळमळलं. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत काचेचं एक टेबल, त्यावर पोटं फाडून ठेवलेले मोबाईल, आणि टेबलामागे मोबाईलवाला. त्याच्या करंगळीचं नख इतकं वाढलेलं की त्याने पत्र्याचा डबा उघडता आला असता. दुरुस्तीला आलेल्या फोनांवर कुणाच्या कानाचा मळ, कुणाच्या गालाचं तेल जसंच्या तसं चिकटलेलं. चावीवाला स्वतः दिवसभर गंजात आणि ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस. पण गंज लोखंडाचा असतो. हा मळ माणसांचा होता.

बरोबर धाकटी होती, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. हे काम तिचंच होतं.

चावीवाल्याची बायको जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. ती घरी बसून शिवणकाम करायची. पॅन्टचे पाय आखूड करणं, चेन बदलणं, अंगाला घट्ट झालेला कोट सैल करणं असली कामं. अर्ध्या वस्तीकडे तिचा नंबर होता. ती गेल्यावर तिचा बटणांचा फोन फळीवर वाजत राहायचा आणि चावीवाला त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा. उचलून सांगणार काय? ‘ती गेली’ एवढंच सांगायचं होतं, पण ते त्याच्या तोंडून अजून एकदाही निघालं नव्हतं. घरी आले ते सगळे आधी कळूनच आले होते.

हे धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही. तिनेही शिलाई मशीन घेतलं होतं, पण तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. हात वाईट नव्हता तिचा, फक्त आज म्हटलेलं काम ती कधी आज देत नसे. ती येऊन गोड आवाजात म्हणाली की भाऊजी, तुम्हाला किती त्रास होतो ते मला दिसतंय. सिम माझ्याकडे द्या. मी एकेकीला नीट सांगते काय झालं ते, आणि कुणाला पुढचं काम टाकायचंच असेल तर बघू. चावीवाल्याला ते पटलं. खरं तर पटलं म्हणण्यापेक्षा सुटका दिसली. जे आपल्याला बोलवत नाही ते दुसरं कुणी बोलेल, तर बोलू दे.

मोबाईलवाल्याने बायकोचा फोन हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, ‘हा खाणीतनं काढला का?’ मग चालू असतानाच मागचं झाकण उचकटून त्याने बॅटरी ओढली. चावीवाला म्हणाला की आधी बंद तरी करायचा. त्यावर मोबाईलवाला म्हणाला की काका, याला बंद काय अन् चालू काय.

बॅटरीखाली सिम होतं. मोठं, जुन्या मापाचं. धाकटीच्या नव्या फोनला नखाएवढं सिम लागत होतं, म्हणजे हे कापणं आलं. सोनेरी चकतीवर थोडी काजळी होती. मोबाईलवाल्याने अंगठा जिभेवर फिरवला आणि चकती थुंकीने पुसली. त्या सिमवर शेवटचं बोट बायकोचं लागलेलं असणार. तिनेच ते बसवलं होतं, हात धुऊन, पदराला कोरडे करून. मशीनच्या सुईलासुद्धा ती ओलं बोट लावू देत नसे.

स्टेपलरसारखं एक यंत्र होतं, त्यात सिम सरकवून त्याने खटकन दाबलं. मधला तुकडा हातात आला. बाहेरची चौकट त्याने न बघताच पायाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग ज्या पिनेने तो मघापासून दात कोरत होता तीच पिन धाकटीच्या फोनच्या भोकात घातली, ट्रे बाहेर काढला, तुकडा बसवला, ट्रे आत ढकलला. धाकटी कौतुकाने बघत होती. नवी बांगडी भरून घेताना बाई बघते तशी.

थोड्या वेळाने रेंज आली आणि लगेच फोन वाजला. मोबाईलवाल्याने आवाज तपासायला म्हणून स्पीकरचं बटण दाबूनच तो धाकटीच्या हातात दिला.

शाळेतल्या बाई होत्या. त्यांचा कोट बायकोकडे होता. चावीवाल्याने आवाज ओळखला आणि खाली मान घातली. आता धाकटी सांगणार, आणि आपल्याला ते ऐकावं लागणार.

‘अहो, होतात कुठं तुम्ही?’ बाई म्हणाल्या. ‘किती फोन केले. तुम्हीच बोलताय ना?’

‘हो, मीच बोलतेय,’ धाकटी म्हणाली.

चावीवाल्याने मान वर केली.

‘आवाज वेगळाच येतोय.’

‘घसा बसलाय हो. तापात होते.’

बाई हळहळल्या. सुंठ घ्या म्हणाल्या. कोटाची घाई नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘आणि मालक कसे आहेत? पाठ धरली होती ना त्यांची? तुम्ही रात्ररात्र शेकत बसायचात.’

धाकटीने चावीवाल्याकडे पाहिलं. डोळा बारीक करून, जणू दोघांनी मिळून एखादी गंमत केली होती.

‘बरे आहेत की,’ ती म्हणाली. ‘हे काय, शेजारीच उभे आहेत.’

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, असं चावीवाल्याची आई म्हणायची. ते त्याला आजवर नुसतं बोलणं वाटत होतं. ओकारी येईल म्हणून त्याने टेबलाची कड धरली, तर कडही चिकट.

‘फोन ठेव,’ तो म्हणाला.

धाकटीने हाताने थांबा अशी खूण केली. त्याने वाकून स्वतःच लाल बटण दाबलं.

‘सिम काढ.’

धाकटी आधी हसली, मग चिडली. तिचं म्हणणं, गेलेल्या माणसाचं नाव काढलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आधी कामं हातात येऊ द्यायची, मग हळूहळू सांगायचं. यात कुणाचं काय बिघडलं? आणि एवढंच होतं तर स्वतः का नाही उचलला फोन इतके दिवस?

ते बरोबरच होतं. आणि तिच्या तोंडून बरोबर गोष्ट ऐकावी लागली याचीही त्याला किळस आली, तिची आणि स्वतःचीही.

‘फोन बंद करून काढा,’ तो मोबाईलवाल्याला म्हणाला. ‘ती पिन नको. दुसरी घ्या.’

मोबाईलवाल्याने फोन बंद केला, दुसरी पिन शोधली, तुकडा काढून दिला. पण बटणांच्या फोनात तो आता बसणार नव्हता. चौकट पाहिजे. तसली चौकट सुटी मिळत नाही का, चावीवाल्याने विचारलं. हल्ली ती कोण वापरतं, मोबाईलवाला म्हणाला, आणि पायाने कचऱ्याचा डबा पुढे सरकवला. ‘असेल तर यात.’

चावीवाला उकिडवा बसला. डब्यात केळ्याची साल होती, काळी पडलेली. चघळून टाकलेला गम, नाक शिंकरलेले कागद, कापलेली नखं, चहाचा ओला कप. वर धाकटी म्हणत होती की शोभतं का हे, लोक बघतायत. त्याने बाही कोपरापर्यंत सारली आणि हात घातला. गम बोटांना लागला. ओला कागद मनगटाला चिकटला. घशाशी आलेलं दोनदा गिळून त्याने तळ चाचपला. चौकट सालीला चिकटलेली निघाली.

धाकटी तोवर निघून गेली होती. जाताना म्हणाली की तुमच्या भावालाही सांगते, भाऊजी आता घरचे राहिले नाहीत.

‘भांडली वाटतं बायको,’ मोबाईलवाला म्हणाला.

‘ती माझी बायको नव्हे.’

त्यावर मोबाईलवाला असं काही हसला की चावीवाल्याला त्याचं थोबाड त्याच डब्यात कोंबावंसं वाटलं. त्याने चौकट सदऱ्याला घासून कोरडी केली. तुकडा तिच्यात बसवला आणि हलू नये म्हणून मागच्या, साध्या बाजूने पातळ चिकटपट्टी लावली. सोनेरी बाजू मोकळी ठेवली. कापलेला कोपरा खाचेला जुळवून सिम आत सरकवलं, त्यावर बॅटरी, त्यावर झाकण. मग चालू करायचं बटण दाबून धरलं.

दुकानाबाहेर येऊन त्याने बाईंना फोन लावला.

‘लाईन तुटली हो मघाशी,’ बाई म्हणाल्या.

‘मी चावीवाला बोलतोय. त्यांचा नवरा.’

‘द्या ना त्यांना जरा.’

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्याने घाणीने माखलेल्या हातानेच फोन कानाशी दाबून धरला होता.

‘मघाशी बोलली ती माझी बायको नव्हती,’ तो म्हणाला. ‘माझी बायको गेली.’

पलीकडे बाई रडू लागल्या. चावीवाला ऐकत राहिला. त्यांचं रडणं थोडं ओसरल्यावर त्याने सांगितलं की कोट घरी आहे, उसवून झालाय, शिवायचा तेवढा राहिलाय. तसाच घेऊन जा.

फोन ठेवतो न ठेवतो तोच तो पुन्हा वाजला. दुसरंच कुणीतरी होतं. त्याने उचलला.