तुर्सुनअलीच्या व्होल्गाचे पाटे

“मागचा उजवा पाटा दोन बोटं उंच हवा, अमाकी,” रवशन आपल्या काकाला तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी लेथ बंद केला. एकच वेडेपणा तीनदा ऐकून घेण्याइतका मी सोशिक नाही.

“ताश्कंदात गाडीला आरशासारखा रंग दिलास, चामड्याच्या सीटा शिवून घेतल्यास,” मी म्हणालो, “आणि आता तिला लंगड्या गाढवासारखी तिरकी उभी करणार? लोक म्हणतील, कोकंदच्या उस्ता लोहाराला दोन पाटे सारखे करता येत नाहीत. नाव आमचं जाईल, तुझं काय जातंय?”

“यूल्दाश आका, आधी हे बघा तरी.”

त्याने खिशातून एक जुना फोटो काढला. हीच पांढरी व्होल्गा गाडी, कापसाच्या गोदामासमोर रिकामी उभी. नीट पाहिलं तर मागची उजवी बाजू खरोखरच वर उचललेली होती. फोटो माझ्या हातातून त्याच्या काकाने, उस्ता कंबरअलीने, घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिला. मी त्याच्या शेजारी पंचेचाळीस वर्षं काम करतोय. तो लोहार, मी टर्नर. तो गाडीच्या स्प्रिंगचे पाटे घडवतो, मी त्यांत बसणारे बुश आणि पिना. एवढा वेळ त्याला मी कुठलीच वस्तू पाहताना पाहिलं नव्हतं.

“हे माझंच काम,” तो म्हणाला. “तुझे वडील एकशे वीस किलोचे. कायम मागे, उजवीकडे बसायचे. गाडी त्या अंगाला टेकायची. म्हणून मी त्या पाट्यात एक पान जास्त घातलं होतं.”

“तेच म्हणतोय मी. ते बसले की गाडी सरळ व्हायची. लहानपणी मी दारात उभा राहून बघायचो. आता ते नाहीत, तर तिला तशीच उभी राहू दे. वर्षाच्या जेवणाला सगळे येतील, त्यांनाही दिसू दे की जागा रिकामी आहे.”

मी लेथकडे वळलो. उस्ताच्या तोंडचं ‘तुझे वडील’ ऐकून मला त्यांच्याकडे बघवेना. कारण रवशनचा जन्मदाता बाप त्याच्या समोर उभा होता. हातात व्होल्गाचा फोटो धरून.

आमच्याकडे ही चाल जुनी आहे. एका भावाच्या घरी पाळणा हलत नसेल तर दुसरा भाऊ आपलं एक मूल देतो. थोरल्याने मागितलं तर धाकट्याने नाही म्हणायचं नसतं. तुर्सुनअली आका थोरला, कापसाच्या कारखान्याचा मॅनेजर. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नाही. कंबरअलीला दोन मुली होत्या आणि तिसरा हा रवशन झाला. चाळीस दिवस पुरे झाले त्या सकाळी तुर्सुनअली अंगण ओलांडून आला, भावाच्या ओसरीवर बसला आणि रडला. एवढा अवाढव्य माणूस असा रडला की मला शेजारच्या घरात ऐकू आलं. दुपारी कंबरअलीच्या बायकोने, इनोयतने, पोराला शेवटचं पाजलं आणि अंगणापलीकडे नेऊन दिलं. नोंद तुर्सुनअलीच्या नावावर झाली. पोराला कधी सांगायचं नाही, असं भाकरीवर हात ठेवून ठरलं.

चूक काय झाली ती सांगतो. या दोघांनी मूल अंगणापलीकडे दिलं होतं. रोज दिसेल, रांगत येईल, अमाकी म्हणून का होईना हाक मारेल, असा हिशेब होता. तिसऱ्या वर्षी तुर्सुनअलीची बदली ताश्कंदला झाली. कमचिकच्या घाटापलीकडे दिलेलं मूल वर्षातून एकदा ईदला दिसतं, तेही नव्या कपड्यांत, पाहुण्यासारखं. इनोयत त्या रिकाम्या अंगणात अशी वावरायची की माझी बायको तिच्यासमोर आमच्या मुलांना जवळ घ्यायची नाही.

आता तुर्सुनअलीची बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि तो स्वतः गेल्या शरदात गेला. त्यानंतर हा रवशन, बेचाळीस वर्षांचा इंजिनियर, बापाची व्होल्गा ट्रकवर घालून थेट आमच्या दुकानाच्या दारात आला. रंग आणि इंजिन तिकडे झालं होतं. पाट्यांनी मात्र त्याला रडवलं. बाहेरून मागवलेले बसेनात, दुसऱ्या गाडीचे कापून लावले तर गाडी बेडकासारखी उड्या मारी. शेवटी कोणीतरी त्याला म्हणालं, जुन्याचं माप ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच जा.

“देवानेच पाठवलंय त्याला,” इनोयत त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. मी तिथेच चहा पीत होतो. “आता कोण दुखावणारे? ज्यांना शब्द दिला ते दोघंही मातीत गेले. तुम्ही सांगायचं.”

“सांगेन.”

“कधी?”

उस्ताने पेला खाली ठेवला. “गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहील त्या दिवशी.”

“मग त्या दिवशी मी पुलाव करते. तुम्ही त्याला हाताला धरून घरी आणायचं आणि दारात म्हणायचं, ही तुझी आई. पुढचं माझं मी बघेन.”

काम बारा दिवस चाललं. जुन्या ट्रकच्या पाट्यांचं पोलाद चांगलं असतं, वर्षानुवर्षं घाटात मार खाल्लेलं. त्यातून पानं कापायची, लालभडक तापवायची, साच्यावर ठोकून कमान द्यायची. पहिल्या पानाच्या दोन्ही टोकांना पिना बसायला डोळे वळवायचे. मग पुन्हा तापवून तेलात बुडवायचं आणि निळसर झाक येईपर्यंत हलकं शेकायचं. याला आम्ही पाणी देणं म्हणतो आणि पाट्याचा सगळा जीव त्यातच असतो. जास्त झालं तर पान तडकतं, कमी झालं तर कमान उतरते. कंबरअलीला त्यासाठी घड्याळ लागत नाही. तो दार अर्धं लोटून अंधार करतो आणि नुसता रंग बघतो.

रवशन दर दोन-तीन दिवसांनी ताश्कंदहून थेट दुकानात यायचा आणि तिथूनच परतायचा. एकदा कोट काढून म्हणाला, “अमाकी, मी धरू?” आणि सांडशी उचलली. त्याने ती अशी पकडली की मीच चाट पडलो. मनगट आत, कोपर बरगडीला टेकलेलं. नव्या माणसाला हे शिकवायला मला महिना लागतो.

“हे कुठं शिकलास?” उस्ताने विचारलं.

“वडिलांकडून असेल. दुसरं कोण शिकवणार?”

तुर्सुनअलीने जन्मात चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. मी तोंड उघडणार होतो, पण उस्ताने माझ्याकडे असं पाहिलं की मी वळलो आणि बुश तासत बसलो. त्या दिवशी एक बुश मी बिघडवला. पाव मिलिमीटर जास्त खाल्लं. तिशीनंतर हे माझ्याकडून प्रथमच झालं.

तेराव्या दिवशी गाडी उभी राहिली. मागून पाहिलं तर उजवी बाजू बरोबर दोन बोटं वर. रवशन तिच्याभोवती फिरला आणि त्याने पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “बसून बघू का? वजनाला कितपत दबते ते कळेल. अमाकी, तुम्ही मागे उजवीकडे बसा.”

मी माप घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. वर दारं लागल्याचा आवाज आला. गाडीच्या तळाची रबरी बुचं अजून बसवायची होती, त्यामुळे आतला श्वासही मला ऐकू येत होता.

“यूल्दाश आका, किती बसली?”

“अर्धं बोटही नाही,” मी ओरडलो. “तुझा अमाकी साठ किलोचा. त्याने काय होतंय?”

दोघंही हसले नाहीत. मग उस्ताचा आवाज आला. भट्टीसमोर सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज अगदी बारीक झाला होता.

“रवशन, बेटा, एक सांगायचं होतं. तू जन्मलास तेव्हा…”

“नका, अमाकी.”

“ऐकून तर घे.”

“मला माहितीये.”

मी खड्ड्यात हातातली पट्टी घट्ट धरून उभा राहिलो. वर यावं की नाही कळेना. आता हललो असतो तर त्यांना मी आठवलो असतो.

“वडिलांनीच सांगितलं,” रवशन म्हणाला. “दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. माझा हात धरून लहान पोरासारखे रडत होते. म्हणाले, आता तू मला काय म्हणशील? मी म्हटलं, आजवर म्हणत आलो तेच म्हणेन, दुसऱ्या कोणालाही म्हणणार नाही. तेव्हा कुठे ते झोपले. हा शब्द आहे, अमाकी. मरणाऱ्या माणसाला दिलेला.”

“मग इथं…”

“गाडीसाठी आलो. खोटं कशाला बोलू? तुम्हांला बघावंसंही वाटत होतं. बारा दिवस येऊन-जाऊन बघितलं.” त्याचा आवाज चिरकला. “पण तुम्ही तोंडानं बोललात तर मला घरी जाऊन त्यांच्या फोटोसमोर उभं राहता यायचं नाही. माझे वडील गेले. आई गेली. दोघांना मी माझ्या हातांनी माती दिली. आता पुन्हा नवे आईबाप मला झेपायचे नाहीत.”

“तुझी… इनोयत वाट बघतेय घरी. तुझ्यासाठी…”

“म्हणूनच मी येत नाही. तिच्या डोळ्यांकडे बघून मी गप्प राहू शकणार नाही.” “त्यांनी मागितलं, तुम्ही दिलंत. माझी काही तक्रार नाही. चांगलं झालं माझं. पण दिलेलं परत मागू नका, अमाकी.”

मला वाटलं, आता उस्ता ओरडेल. निदान रडेल तरी. माझ्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात ग्रीसने भरलेले, पुसायचीही सोय नव्हती.

“बरं,” उस्ता म्हणाला. “वर ये रे यूल्दाश. डावीकडचा नट अजून अर्धा फेरा घेईल.”

तो नट त्याने स्वतः आवळला. रवशनने त्याला मिठी मारली, माझ्यासमोर छातीवर हात ठेवून वाकला आणि उजेडात घाट ओलांडायचा म्हणून लगेच निघाला. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत उजवी बाजू वर उचललेली दिसत होती. उस्ताने भट्टी विझवली, हात धुतले, पुन्हा धुतले. मग म्हणाला, “चल जेवायला. एकटा जाऊ शकणार नाही मी.”

इनोयत फाटकातच उभी होती. रेशमी नवा पोशाख, डोक्याला नवा रुमाल. आम्ही दोघंच येताना दिसलो तेव्हा तिने आमच्या मागे पाहिलं, मग आणखी मागे, रस्त्याच्या टोकापर्यंत.

“कुठंय तो?”

“गेला,” उस्ता बूट काढत म्हणाला. “सांगायला जमलंच नाही मला.”

“जमलं नाही?”

“तोंडाशी आलं होतं. माझ्याच्यानं बोलवलं नाही.”

मी जमिनीकडे पाहत राहिलो. ती अशी काही बोलली की मी तिच्या तोंडून तसं कधी ऐकलं नव्हतं. “बेचाळीस वर्षं! ट्रकाचं पोलाद वाकवता आणि हातभर जीभ वळत नाही तुमची? भावाला नाही म्हणता आलं नाही, पोराला तूच माझा म्हणता येत नाही. भित्रे आहात तुम्ही. मी भित्र्याशी संसार केला.” उस्ताने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही डोळे उचलले नाहीत. तो जेवणाच्या दस्तरखानाशी जाऊन बसला आणि भाकरीचे तुकडे करून आमच्या तिघांपुढे ठेवू लागला.

“पुढल्या वेळी सांगेन,” तो म्हणाला.

“कुठली पुढली वेळ? गाडी झाली. आता कशाला येतोय तो कोकंदला?”

“येईल. उजव्या पाट्याला पाणी नीट बसलं नाही. घाई झाली माझी. सहा महिन्यांत कमान उतरेल. मग इथंच आणावी लागेल.”

मी हातात घेतलेली भाकरी तशीच राहिली. पंचेचाळीस वर्षांत कंबरअलीचा एक पाटा परत आलेला नाही. घाटातले ट्रकवाले नवी गाडी घेतली की पहिले तिचे पाटे आमच्याकडे आणून बदलतात. त्याच्या पाण्यात खोट आहे असं दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

इनोयत माझ्याकडे वळली. नवऱ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता, पण मी तोंडाळ आहे हे तिला ठाऊक होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळी गल्ली म्हणते.

“खरं का रे, यूल्दाश?”

“खरंय, वहिनी,” मी म्हणालो. “मीच बघत होतो. रंग चढायच्या आधीच काढलं यानं. टिकायचा नाही तो पाटा.”

ती थोडा वेळ बोटांवर काही मोजत बसली. मग उठून तिने पुलावाचं मोठं ताट आणून आमच्यामध्ये ठेवलं. राग थोडा उतरला होता.

“सहा महिने म्हणजे वसंतात,” ती म्हणाली. “तेव्हा मी स्वतः येईन दुकानात. तुमच्या भरवशावर नाही बसणार.”

“ये,” उस्ता म्हणाला, आणि ताटातलं मांस वेचून तिच्या बाजूला सारू लागला.