रिकाम्या खुर्चीवर अडलेली नजर

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. सध्या न्यूझीलंडमधल्या ओटाहुहूच्या एका घरात, कपाटात मोज्यांच्या मागे पडून असतो. म्हाताऱ्याला कोण विचारतो! पण एके काळी सुरभी नावाच्या मुलीचं सारं भवितव्य माझ्या भरवशावर होतं.

सुरभी बास्केटबॉल खेळायची. २००४ साली अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांनी तिच्या पत्रांना उत्तरसुद्धा दिलं नाही. एका लहानशा कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंनी मात्र स्वतः फोन केला. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेल्या मुली त्या हेरत. शिष्यवृत्तीची एकच जागा उरली होती.

"निवडक बास्केट नकोत, अख्ख्या सामन्याचं चित्रण पाठव," त्या म्हणाल्या. "बाहेर बसलेली मुलगी कशी वागते, तेही मला बघायचंय."

हंगामाचा शेवटचाच सामना उरला होता. चित्रण करायला सुरभीचे आजोबा, नागपूरहून आलेले रावसाहेब, उभे राहिले. संघाच्या खुर्च्यांमध्ये एक रिकामी होती. लुपे ही संघातली उंच मैत्रीण त्याच वर्षी समुद्रात बुडाली होती. मुली दर सामन्याला तिची जागा राखत, पाण्याची बाटलीही ठेवत.

जिथे हालचाल असेल तिथे माझी नजर आपोआप स्थिरावते. त्या दिवशी ती खुर्चीवर स्थिरावली. रावसाहेबांनी मला वळवलं, दोन चापट्याही दिल्या. मी पुन्हा तिथेच. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

घरी कॅसेट लावली. मैदान धूसर, खुर्ची लख्ख आणि रिकामी.

"आजोबा, इट्स रूइन्ड!" सुरभी रडू लागली.

"असू दे बाळा. दुसरी आहे कुठे आपल्याकडे? हिचीच कॉपी पाठव."

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी फोन आला. सुरभीने स्पीकर लावला. खेळ नीट दिसला नाही, बाई म्हणाल्या, पण बाहेर बसल्यावर तू स्वतःआधी शेजारणीला पाणी दिलंस. जागा तुझी.

रावसाहेबांनी डोळे पुसले.

"आणि ती शेजारची उंच मुलगी?" बाईंनी विचारलं. "सामनाभर टाळ्या वाजवत होती. तिला कुणी बोलावलंय का?"

सुरभी हळूच म्हणाली, "नाही. तुम्हीच पहिल्या."

सुरभी अमेरिकेला गेली. मूळ कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. मित्रांनो, धूसर दिसते म्हणून कुठलीही जुनी कॅसेट पुसू नका. ही पुसलीत, तर लुपेने बसायचं कुठे?