एकादशीचा कुकर इंकांच्या डोंगरात

मी शरयूबाईंचा कुकर बोलतोय. अंगाने लहान, आवाजाने दांडगा. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनजवळच्या देशी दुकानात पडून होतो. बाई साताऱ्याहून लेकाकडे, प्रसादकडे आल्या आणि मला घर मिळालं.

बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशात अँडीजवर बोट ठेवून "पोरांनो, हे बघा" म्हणत त्या तिथल्या प्राचीन इंका लोकांची डोंगरउतारावरची शेतं दाखवायच्या. स्वतः मात्र कधी पाहिली नव्हती. म्हणून प्रसाद आणि सून अबोलीने पेरूची तिकिटं काढली. बाईंनी मला बॅगेत कोंबलं.

"अगं आई, व्हेकेशनला कुकर कोण पॅक करतं?" प्रसाद कुरकुरला.

पेरूतल्या पिसाक गावात हवा विरळ. चार पावलांत बाईंना धाप लागे. दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा होता आणि नेमकी एकादशी.

"इथे फराळाचं काय मिळणार? एवढ्या हाइटवर उपाशीपोटी चक्कर आली तर? तू रूमवरच रेस्ट घे," प्रसाद म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. इतक्या जवळ येऊन हे! पण उपास मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

संध्याकाळी अबोली त्यांना बाजारात घेऊन गेली. परतल्या त्या पिशवी भरून, हसत. जांभळे-पिवळे बटाटे, रताळी, शेंगदाणे, राजगिऱ्यासारखे दाणे!

"प्रसाद, आपला सगळा फराळ इथे पिकतो रे! बटाटा मूळचा इथलाच. आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि मीच विसरले!"

सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीच्या शेगडीवर मी बसलो. शेजारी तिचाही कुकर होता. इतक्या उंचीवर उघड्या पातेल्यात बटाटा लवकर शिजत नाही, हे तिला ठाऊक होतं. माझी शिट्टी झाली तशी ती खूश होऊन हसली. बाईंनी पोटभर फराळ केला.

"एकादशी, दुप्पट खाशी!" प्रसादने चिडवलं आणि उरलेल्या बटाट्यांसकट मला सॅकमध्ये घातलं.

बसत-उठत बाई वर पोहोचल्या. काय ते इंकांच्या भिंतीतले एकमेकांत बसवलेले दगड! माझी रिंगसुद्धा इतकी घट्ट बसत नाही. खाली हिरव्या शेतांच्या पायऱ्या थेट नदीकडे उतरलेल्या. बाईंनी हात लांब केला आणि हलकेच म्हणाल्या, "पोरांनो, हे बघा."

तिथे पोरं नव्हती. प्रसादने डोळे पुसले.

आता बाई साताऱ्याला आहेत, मी प्रसादकडेच. माझी रिंग फाटली आहे, शिट्टी होत नाही. आवराआवरीत अबोलीने मला डोनेशनच्या खोक्यात टाकलं होतं. प्रसादने बाहेर काढलं.

उन्हाळ्यात बाई येणार आहेत. प्रसाद, तेवढी नवी रिंग आण रे बाबा. घरात पाऊल टाकताच त्यांना माझी शिट्टी ऐकू यायला हवी.