गुरुवारची मिस्सा

टाचणी गंजलेली होती आणि कागदाच्या कोपऱ्यावर तिनं तपकिरी डाग पाडला होता – म्हणजे हा कागद आजचा नाही, कालचाही नाही, एवढं तिला आधी कळलं, आणि अक्षर नवऱ्याचं आहे हे नंतर. उजवीकडे कललेलं, प्रत्येक ‘र’ला उगाच शेपूट काढणारं. ‘माझा अंत्यविधी. गाणी तीनच, लांबवू नयेत. बायबलचं पहिलं वाचन – धाकटी बहीण...’

“दोन वर्षांपूर्वी दिला होता त्यांनी,” फादर म्हणाले. “वेळ आली की हिच्या हातात द्या म्हणाले.”

ती गयावया करायला आली होती. काल पहाटे तो गेला तेव्हापासून डोक्यात एकच – लग्नानंतर वर्षभरात ज्यानं चर्च सोडलं ते सोडलंच, सव्वीस वर्षं उंबऱ्याला पाय लावला नाही, त्याला इथून मातीत न्यायचं कसं? वाटेत वाक्यं जुळवली होती. फादर, माणूस वाईट नव्हता हो... फादर, माझ्याकडे बघून तरी... आणि ती तोंड उघडते न उघडते तोच फादर म्हणाले होते, “अहो, विनंती कसली करता? दर गुरुवारी सातच्या मिस्सेला असायचे की ते. नऊ वर्षं. मागे, खांबाजवळ.”

गुरुवार. गुरुवारी गोदामात माल उतरतो, लवकर जावं लागतं – असं तो म्हणायचा आणि मी पाचला उठून डबा करायचे, थंडीतसुद्धा, नऊ वर्षं! दारात उभं राहून सांगायचे, जपून उचला ओझी. आणि हा साळसूद माणूस मान हलवून, डबा घेऊन, सरळ इथं.

बरं, तो तर तो. पण हे समोर बसलेले? दर रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या दारात मी यांना सांगत होते, “यांचे गुडघे धरलेत हो फादर, नाहीतर आले असते,” आणि हे म्हणायचे, “जपायला सांगा.” ते गुडघे टेकलेले तीनच दिवसांपूर्वी पाहिलेले असायचे यांनी! चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही कधी. दोघं हसले असतील का माझ्यावर?

“मला का नाही सांगितलंत?”

“शब्द घेतला होता माझ्याकडून.” फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एकदा मी फार मागे लागलो. तेव्हा म्हणाले, तिला कळलं तर ती मला हाताला धरून आणेल. मला माझ्या पायांनी यायचंय.”

आणलं असतं. का नाही? हाताला धरून, पहिल्या बाकावर, सगळ्यांना दिसेल असं... हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी बहीण! सकाळी नणंदेचा फोन आला होता – “वहिनी, वाचनाचं तुम्ही बघू नका, ते माझ्याकडे आहे” – आणि तिला तो आगाऊपणा वाटला होता. म्हणजे बहिणीला ठाऊक. फादरांना ठाऊक. या चर्चमधल्या निम्म्या अंत्यविधींची गाणी जिनं बसवली, फुलं रचली, रडणाऱ्यांना बाकांवर नेऊन बसवलं, तिला मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

“यात माझं नाव कुठंय?”

फादरांनी बोट ठेवलं. शेवटची ओळ. ‘बायकोला कोणतंही काम देऊ नये. आयुष्यभर तिनंच केलंय.’

तिनं दोनदा वाचलं. ही माया म्हणायची की परस्पर काढलेला काटा, ते ठरेना. विचारायला जावं, तर तो इस्पितळाच्या शीतपेटीत.

“उद्या दहा?”

“चालेल,” ती म्हणाली, आणि फादरांनी पुढे केलेल्या नोंदवहीत सही केली.

बाहेर पडायचं सोडून ती चर्चमध्ये शिरली. दुपार होती, कुणी नव्हतं. खांबाकडे बघायचं नाही असं ठरवून ती आपल्या बाकाशी आली, सवयीनं गुडघे टेकले, आणि सवयीनंच ओठांवर ते वाक्य आलं – सव्वीस वर्षांचं, फादर वेदीवरची पवित्र भाकर उंच धरत तेव्हा न चुकता पुटपुटलेलं – त्याला परत आण, देवा.

अर्ध्यावर थांबली.

आणलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच. आणि त्यानंतरही ती दर रविवारी येऊन तेच मागत राहिली, रडली, उपास केले, आणि वर ऐकणारा ऐकत राहिला... म्हणजे तूसुद्धा? फादरांनी निदान शब्द तरी दिला होता. तुला कुणी बांधून घातलं होतं? एकदा, एखाद्या गुरुवारी, माझा पाय इकडे वळवता आला नसता?

आभार मानायला हवे होते. नऊ वर्षांचे, साचलेले. जीभ वळेना. ती मागे सरून बाकावर बसली, हात जोडायचे राहिलेच. सगळ्या जन्मात देवाची भीती वाटली होती, लाज वाटली होती, ओढही वाटली होती. पण असा, घरच्या माणसाचा यावा तसा राग त्याचा कधी आला नव्हता.