पावोच्या अंगठ्याची नोट

मी शंभर क्रोएशियन दिनारांची नोट बोलतेय. घाबरू नका, काही विकत मागणार नाही. मला देऊन आता पावाचा तुकडाही मिळत नाही.

माझा जन्म युद्धातला. देश नवा, तोफा जुन्या. अशा दिवसांत दूरच्या एका थंड देशातल्या छापखान्यात आम्ही घाईघाईने छापल्या गेलो. पुढच्या बाजूला जुन्या काळच्या एका ज्योतिर्विदाचा चेहरा आणि त्याच्या भूमितीच्या आकृत्या, पाठीवर झाग्रेबच्या मोठ्या चर्चचे दोन मनोरे. माझ्या क्रमांकाच्या शेवटी अठरा होते. सतरावाली माझी सख्खी बहीण. विंकोव्त्सीजवळच्या एका गावात आम्ही दोघी पावो गिरणीवाल्याच्या हाती एकदमच पडलो.

पावो दांडगा माणूस. भुवया कायम पिठाने पांढऱ्या. उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण, गिरणीच्या पट्ट्याने दिलेला. १९९२च्या ईस्टरनंतर त्याने आपल्या एकुलत्या एक लेकीचं, तेनाचं लग्न काढलं. लोक म्हणाले, जरा थांब. तो म्हणाला, "तोफांना विचारून तारीख धरली, तर पोरगी म्हातारी होईल!"

शाळेच्या खिडक्यांना वाळूची पोती लावून आत लग्न लागलं. नवरदेव विन्को दोन दिवसांच्या रजेवर आघाडीवरून आलेला, बुटांना चिखल तसाच. पावोने माझी बहीण लेकीच्या हातात दिली. "जपून ठेव गं, मोडू नकोस." तेनाने ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. तिला आजतागायत एक घडी पडलेली नाही.

माझं नशीब निराळं. पावो पाहुण्यांसाठी स्वतः कुलेन कापत होता. कुलेन म्हणजे आमच्याकडचं लाल तिखटाचं जाड सॉसेज. लग्नात ते नसेल तर ते लग्नच नव्हे. त्याच तेलकट लाल अंगठ्याने त्याने मला खिशातून ओढलं, जिभेवर ओलं केलं आणि वाजंत्री जुकाच्या कपाळावर बक्षीस म्हणून थापलं.

"जुका, माझ्या पोरीचं गाणं वाजव! असं वाजव, की पलीकडच्या खंदकातल्यांचेही पाय हलले पाहिजेत!"

जुकाचं वाद्य बेर्दा, जाड तारांचं, माणसापेक्षा उंच. त्याने मला कपाळावरून सोलून वाद्याच्या पोटावरच्या भोकातून आत ढकललं. वाजंत्र्यांची तिजोरी तीच. लग्न उरकल्यावर त्यांनी बेर्दा उलटा करून हलवला. सगळ्या नोटा पडल्या. मी मात्र सरसाच्या एका जुन्या थेंबाला चिकटून राहिले.

जूनमध्ये गिरणीवर तोफगोळा पडला. गिरणी, तिला लागूनचं त्याचं घर, भिंतीवरचे सगळे फोटो आणि पावो, काही उरलं नाही. जुकाने तेच गाणं पावोच्या कबरीपाशी वाजवलं. आत अंधारात मी थरथरत होते. मलाही दुःख होतं, असं म्हटलं तर हसू नका.

पुढे माझी किंमत घसरली, मग पैसाच बदलला, आणि पुन्हा एकदा बदलला. मला कुठलं कळायला! मला फक्त लग्नं ऐकू यायची. खालच्या एका सुरावर मी फरफरायचे. जुका लोकांना सांगायचा, "माझ्या वाद्याला दमा आहे."

इकडे विन्को नोटा जमवायला लागला होता. सुरुवात माझ्या बहिणीपासून. सासऱ्याच्या हातचं तेवढंच घरात उरलेलं. मग युद्धातल्या सगळ्या नोटा त्याने एकेक करून मिळवल्या. चिमटा, भिंग, प्लास्टिकचे कप्पे. वही दाखवताना पाहुण्यांना दटावायचा, "श्वास जरा बाजूला सोडा!" तेना म्हणायची, "मला कधी इतकं जपलं नाहीस, विन्को!" दर रविवारी संग्राहकांच्या बैठकीत तो प्रत्येक शंभराची नोट उलटून क्रमांक पाहायचा. सतराला जोड म्हणून त्याला अठरा हवी होती. बहिणीशेजारचा कप्पा तीस वर्षं रिकामा होता.

गेल्या शरदात जुकाने बेर्दा दुरुस्तीला दिला. पाठ उघडली आणि मी सापडले. जुका मला पावाच्या पिशवीत घालून विन्कोच्या घरी टेबलापाशी घेऊन आला. "घे, माझा दमा."

विन्कोने क्रमांक वाचला आणि खुर्चीत बसला. मग त्याला डाग दिसला. त्याचा चेहरा पडला.

"एवढी वाट पाहिली, आणि ही अशी! थांब, साबणाच्या पाण्यात..."

"अरे, धुतलेली नोट आणि रंगवलेल्या मिशा जाणत्याला लांबून कळतात, हे तूच सांगायचास ना?" जुका म्हणाला.

"कळू देत. जोडीत एक नवी नवरी आणि एक खाटीक? नाही चालायचं."

भांडं आलं. चिमट्यात धरलेली मी पाण्यापासून बोटभर अंतरावर होते. कणकेच्या हातांनी तेना सहज डोकावली, आणि थबकली.

"विन्को, वर उचल."

"अगं, नुसता कुलेनचा डाग आहे."

"उजेडात धर म्हणते ना!"

त्याने धरलं. अंगठ्याच्या लाल ठशाच्या मधोमध एक कोरी आडवी रेघ होती.

तेना रडली नाही. तिने मला नाकाशी नेलं. तिखटाचा वास कधीच उडून गेला होता, तरी ती हुंगत राहिली. मग स्वतःचा अंगठा तिने ठशावर ठेवला. तो किती लहान होता! कणकेचा पांढरा कण मला तिथे लागला. विन्कोने भांडं उचललं आणि पाणी अंगणात ओतून आला.

मे महिन्यात त्यांच्या लेकीचं लग्न झालं. तेव्हा विन्कोने आपणहून वही उघडली. चिमटा घेतला नाही. नोटांवर कुणाला श्वास टाकू न देणाऱ्या त्या माणसाने मला सरळ जिभेवर ओलं केलं आणि म्हाताऱ्या जुकाच्या कपाळावर थापलं.

"वाजव! सासऱ्यांनी सांगितलंय!"

"या खेपेला आत नाही टाकणार हं," जुका म्हणाला. "दम्याशिवाय गाणं बेचव लागतं, पण चालवून घेईन."

आता मी बहिणीशेजारी आहे. ती रोज विचारते, "बाहेर कसं असतं गं?" मी सांगत बसते. वहीत प्रत्येक नोटेखाली विन्कोने स्थिती लिहिली आहे: उत्तम, कोरी, अत्युत्तम. माझ्याखाली लिहिलंय: पावोने दिलेली.

तुमच्याही एखाद्या पुस्तकात, डब्यात माझ्यासारखी कुणी मळकी पडली असेल. तिला धुवायची घाई करू नका. आधी उजेडात धरा.