राममूर्तींची कॉफी

मी मैलापूरच्या राममूर्तींच्या घरातला कॉफीचा टंबलर बोलतोय. स्टीलचा. आम्हा भांड्यांनाही डूख धरता येतो.

तंजावूरहून आलेल्या या मराठी घराची रीत कडक. टंबलरला ओठ लावायचे नाहीत, कॉफी वरून तोंडात ओतायची.

राममूर्तींची धाकटी बहीण कनका विधवा होऊन माहेरी आली, ती नवऱ्याकडून लागलेला एचआयव्ही घेऊन. औषध ती नेमाने घ्यायची. पण हेमलतावहिनींनी तिला स्वयंपाकघर बंद केलं. दारातून नुसता भात आणि पाणीदार ताक सरकवायच्या आणि वर म्हणायच्या, आजारी माणसाला हलकंच बरं. कनका वाळत गेली. जिभेवर पांढरा थर आला, ओठांचे कोपरे चिरले. गरम कॉफीची धार सोसेना, म्हणून एकदा तिने मला ओठ लावला. त्या दिवशी वहिनींनी मला न्हाणीघराच्या खिडकीत टाकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे, औषधाने जाईल. पण अंगात जीवनसत्त्वं नाहीत, डाळ, भाजी, दूध पोटभर हवं. भांड्यातून एचआयव्ही पसरत नाही. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांनाही अशी बुरशी होते. कनकाने हे सगळं घरी सांगितलं. राममूर्तींनी पेपर तोंडासमोर धरला. दम्याचा पंप त्यांचाच होता.

मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, त्यांच्याही जिभेवर पांढरं आलं. वहिनींनी मुकाट्याने नवऱ्याचा टंबलर आणून माझ्या शेजारी ठेवला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. करावे तसे भरावे.

राममूर्ती कनकाकडे आले. “तुजं मला लागलं काय, कनका?”

कनकाने मला विसळून कॉफीने भरलं. “काय झालंय ते सांगते, अण्णा. अगोदर ही कापी प्या. ओठ लावून.”

वहिनी दारातच थिजल्या. राममूर्तींनी मला उचललं. कॉफी वाफाळती होती आणि मी काठापर्यंत तापलो होतो. त्यांच्या सोललेल्या तोंडाला मी मनसोक्त चटके दिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी शेवटच्या घोटापर्यंत कनका बोलली नाही.

मग म्हणाली, “माझं काही लागलेलं नाही. पंप ओढला की चूळ भरा आणि डॉक्टरला दाखवा. उद्यापासून मी आत जेवणार.”

आता मी बाकीच्या भांड्यांत असतो. कनकाच्या ताटात डाळ असते, कीरैची पालेभाजी असते. तिने त्यांना माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

तुमच्याही घरात कुणाचं भांडं वेगळं काढलेलं असेल, तर आजच आत घ्या. स्टीलला तापायला वेळ लागत नाही.